दीड टनी लेथ, सहा फुटी पहार: उद्यमनगर ते शिरोली

आठ फुटी बेडचा, बेल्टवर चालणारा जुना लेथ, म्हणजे धातूचा दांडा फिरवत कापणारं मशीन, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमधून शिरोली एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात न्यायचा होता. वजन दीड टनाच्या आसपास. असं काम निघालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलवा, उचला, ठेवा, विषय संपला. पण उद्यमनगरातल्या जुन्या बोळात हायड्रा वळत नाही. वळली तरी दहा फुटी पत्र्याखाली तिचा बूम, म्हणजे लांब हात, उभा करता येत नाही, आणि शेडपुढून विजेच्या तारा गेलेल्या. हायड्रावाल्याने जागा बघून सांगितलं, की मशीन रस्त्यावर आणून द्या, पुढचं मी बघतो. खरी अडचण रस्त्यावर आणण्याचीच होती. ते जमलं तर टेम्पोत चढवायला हायड्राची गरज उरत नाही.

म्हणून सगळं काम पहार, रूळ, पाचर, चेन ब्लॉक (साखळी ओढून भार उचलायची कप्पी), उतरण आणि बोल्ट यांच्यावर झालं. शाळेत 'साधी यंत्रे' म्हणून शिकवतात तीच ही. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय, आकड्यांसकट. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. यातलं एकही यंत्र काम कमी करत नाही. ताकद सतरा पट कमी लागली तर हात सतरा पट जास्त फिरवावा लागतो, वर थोडं घर्षणाला द्यावं लागतं. या हिशेबात वेळ धरला नाही की माणसं घाई करतात, आणि बोटं तिथेच चेंगरतात.

कागदपत्रं आधी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 3 ऑक्टोबरला, गाळ्यात थ्री-फेज वीजजोडणीसाठी ऑनलाइन अर्ज केला. कागद नेहमीचेच: भाडेकरार, गाळामालकाचं ना-हरकत पत्र, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. अर्ज अडकला तो पत्त्यावर. भाडेकरारात प्लॉट नंबर एका पद्धतीने लिहिलेला, गाळ्याच्या कागदावर दुसऱ्या. मालकाकडून नवीन पत्र आणावं लागलं. करार नोंदवण्याआधी प्लॉट, गाळा नंबर आणि गावाचं नाव मूळ कागदावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या, एवढी एक गोष्ट केली तरी आठवडा वाचतो. कोटेशन 17 तारखेला आलं, मध्ये दिवाळी, मीटर 4 नोव्हेंबरला बसला. मशीन मीटरच्या आधी हलवू नका. बंद पडलेल्या लेथवर काम घेता येत नाही आणि जुन्या जागेचं भाडंही चालूच राहतं.

जीएसटी नोंदणी असेल तर नवीन जागा 'अतिरिक्त व्यवसायाचं ठिकाण' म्हणून पोर्टलवर टाकावी लागते. बदल झाल्यापासून 15 दिवसांची मुदत असते. मशीन विकत नसून आपल्याच एका जागेतून दुसऱ्या जागेत नेतोय, म्हणून बिल नाही, डिलिव्हरी चलन लागतं. त्याच्या तीन प्रती: मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पाठवणाऱ्याची. ई-वे बिलाची (माल नेण्याआधी करायच्या ऑनलाइन नोंदीची) मर्यादा महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला 1 लाख रुपये आहे. जुन्या लेथची किंमत त्याच्या आत बसत होती, म्हणून चलनावर भागलं. चलनावर मशीनचा सीरियल नंबर, अंदाजे किंमत आणि 'विक्रीसाठी नाही' हे लिहून ठेवलं की वाटेत कोणी अडवलं तर बोलायला सोपं जातं.

गाळ्यातलं काँक्रीट

लेथ साध्या शहाबादी फरशीवर ठेवून चालत नाही. 9 फूट लांब, साडेतीन फूट रुंद आणि 9 इंच खोल खड्डा काढून 7 ऑक्टोबरला काँक्रीट भरलं. प्रमाण एक, दीड, तीन: सिमेंट, क्रश सँड, खडी. सिमेंटची सहा पोती गेली. आठवडाभर वर टाकलेली गोणपाटं ओली ठेवून पाणी मारलं आणि महिनाभर त्यावर काहीही ठेवलं नाही. काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर मोजतात ती उगाच नव्हे. कच्च्या काँक्रीटवर मशीन ठेवलं तर एक कोपरा हळूहळू बसतो आणि मग लेथ कायम टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळतं, कापत राहतो.

बोल्टच्या जागी भोकं आधी सोडली नाहीत. हा लेथ लेव्हलिंग बोल्टवरच, म्हणजे पायांची उंची कमी-जास्त करणाऱ्या बोल्टवर, ठेवायचा होता. भोकं सोडायची असतील तर जुन्या मशीनच्या पायांची मापं पुठ्ठ्यावर ठेवून फर्मा काढून न्या, टेपने मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका.

हलवण्याच्या आदल्या दिवशी

काम 9 नोव्हेंबरला, रविवारी ठरलं, कारण बोळ मोकळा असतो. लेथची तयारी शनिवारी.

पहिलं काम चक, म्हणजे दांडा पकडणारा जबडा, उतरवणं. दहा इंची फोर-जॉ चक पंचवीस-तीस किलोचा असतो. तो सुटून बेडवर पडला तर स्लाइडवर कायमचा टोचा पडतो. चकखाली बेडवर लाकडी फळी ठेवायची, मगच सोडायचा. मग हेडस्टॉकमधलं (चक फिरवणाऱ्या डोक्यातलं) तेल काढलं, मोटर आणि बेल्ट उतरवले, हँडल पिशवीत बांधली. टेलस्टॉक (दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा आधार) आणि कॅरेज (टूल धरून सरकणारा भाग) बेडच्या शेवटच्या टोकाला नेऊन घट्ट केले. यामागे कारण आहे. लेथचं वजन हेडस्टॉककडे जास्त, साधारण साठ टक्के. कॅरेज आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला नेले की वजन थोडं मध्याकडे सरकतं. तरीही लेथ उंच आणि अरुंद राहतोच. तो लांबीच्या दिशेने कधी पडत नाही, पडतो तो पुढे किंवा मागे.

फाउंडेशन बोल्टचे नट गंजून एकजीव झालेले. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं. दीड फुटी पान्यावर चार फुटी पाईप चढवला की तोच जोर अडीच-तीन पट लागतो. पाईप चढवताना पान्याचा जबडा नटावर पूर्ण बसलाय ना ते बघायचं आणि जोर ओढून लावायचा, ढकलून नाही. सटकला तर ढकलणारा माणूस तोंडावर जातो. एक नट नाहीच सुटला, तो छन्नीने फोडला.

पहार

जड मशीन हलवणाऱ्या खलाशांच्या टोळीचे मुकादम वयाने मोठे, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी आल्या आल्या लेथभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मालक, जड बाजू कुठली?" हेडस्टॉक दाखवला. "मग हलकी बाजू आधी."

पहार सहा फुटी, म्हणजे 180 सेंटिमीटर. टेकू टोकापासून 10 सेंटिमीटरवर. मागे उरले 170. प्रमाण सतरास एक. हेडस्टॉककडच्या टोकाला 900 किलोचा भार असेल तर पहारीच्या मागच्या टोकाला 53 किलो पुरे, म्हणजे एक माणूस नुसता रेलला तरी टोक उठतं. उठतं मात्र एकच सेंटिमीटर, कारण हात 17 सेंटिमीटर खाली गेलेला असतो. टेकू 20 सेंटिमीटरवर सरकवला तर प्रमाण आठास एक होतं: मशीन जास्त उठतं, पण 112 किलो लागतात आणि दोन माणसं रेलावी लागतात. मामांचे गडी टेकू जवळच ठेवतात आणि पुन्हा पुन्हा उचलतात.

टेकूला लोखंडी तुकडा घेऊ नये. लोखंडावर लोखंड सटकतं. बाभळीचा ठोकळा घेतात, पहार त्यात थोडी रुतते आणि जागेवर राहते. ठोकळा रेषा उभ्या ठेवून नाही, आडव्या ठेवून लावायचा. उभ्या रेषांचा ठोकळा पहारीच्या टोचणीने चिरतो आणि टेकू गेला की भार एकदम खाली येतो.

दर उचलीनंतर लगेच फळी सरकवायची, एकेक इंचाची. पहारीवर भार धरून ठेवून कोणी खाली वाकायचं नाही. फळी हाताने नाही, दुसऱ्या फळीने ढकलायची. असं एक टोक, मग दुसरं टोक, पुन्हा पहिलं, असं करत लेथ चार इंच वर आला. एकाच टोकाला एकदम चार इंच उचलायचं नाही; तिरका झालेला लेथ दुसऱ्या टोकाच्या पायावर घसरतो.

चार इंच कशासाठी? खाली पाट बसवायला. चार बाय सहा इंची बाभळीच्या दोन तुळया, लेथच्या पायांच्या फाउंडेशन भोकांतून बोल्टने आवळलेल्या. टोकं खालून तासून होडीसारखी उचललेली, म्हणजे रुळावर चढताना अडत नाहीत. हे लाकूड 1,800 रुपयांना पडलं आणि पुढे त्यानेच सगळ्यात जास्त त्रास वाचवला.

रूळ

कोरड्या फरशीवर दीड टन ओढायला सहाशे-सातशे किलोचा जोर लागला असता. रुळावर, जमीन कडक आणि सपाट असेल तर, चाळीस-पन्नास किलो. दोन माणसं पहारीने मागून ढोसतात तेवढ्यात सरकतं.

रूळ म्हणजे दोन इंची सी-क्लास (जाड भिंतीच्या) पाईपचे तीन फुटी पाच तुकडे. पातळ पाईप घेतला तर तुळईच्या कडेखाली तो चपटा होतो, आणि चपटा रूळ म्हणजे ब्रेकच. सगळे तुकडे एकाच पाईपचे हवेत. व्यासात थोडा फरक असला तरी भार दोन-तीन रुळांवरच येतो आणि लेथ एका बाजूला ओढतो.

पहिल्यांदा बघणाऱ्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. लेथ दोन फूट पुढे जातो तेव्हा रूळ फक्त एक फूट पुढे गेलेला असतो. रूळ जमिनीवर फिरतो आणि लेथ रुळाच्या माथ्यावर, म्हणून लेथचा वेग रुळाच्या दुप्पट. मागचे रूळ सतत सुटत जातात आणि ते उचलून पुढे टाकत राहावे लागतात. यासाठी एक वेगळा माणूस हवा, ज्याने दुसरं काहीही करायचं नाही. कमीत कमी तीन रूळ कायम खाली असले पाहिजेत.

वळवायचं कसं, ते बघण्यासारखं आहे. लेथला हात लावत नाहीत. पुढच्या रुळाचं एक टोक हातोडीने ठोकून तिरकं करतात. लेथ रुळाला काटकोनात जाऊ बघतो, म्हणून रूळ फिरवला की लेथ फिरतो. उजवीकडे वळायचं तर पुढच्या रुळाचं डावं टोक पुढे. हातोडी टाकायची ती रुळाच्या टोकावर, हात नेहमी लांब. शेडमधला काटकोनी वळसा असाच, इंचा-इंचाने निघाला, आणि सकाळचा निम्मा वेळ त्यातच गेला.

उंबऱ्याशी गटार होतं. त्यावर 10 मिलिमीटरची लोखंडी प्लेट टाकली, दोन्ही बाजूंना फूटभर पुढे. रस्त्याकडे थोडा चढ असल्याने इथून पुढे मागच्या बाजूला एक माणूस फक्त पाचर घेऊन उभा. प्रत्येक ढोसणीनंतर पाचर रुळामागे. पाचर पायाने सरकवायची नाही, हे मामांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आवाज चढलेला होता.

चेन ब्लॉक

बोळात तारा नसलेली जागा बघून तीन पायांचा घोडा उभा केला. पाय 14 फुटी जाड पाईपचे, खाली एकमेकांपासून 10 फूट अंतरावर, म्हणजे सात फूट रुंदीचा टेम्पो मधून जातो. अशा मापात माथा पावणेतेरा फुटांवर येतो. तिन्ही पायांना खालून साखळीने गोल बांधायचंच, नाहीतर भार आला की पाय बाहेर घसरतात. डांबरावर पायाखाली फळ्या टाकल्या.

दोन टनी चेन ब्लॉक. हातसाखळी ऐंशी फूट ओढली की हूक एक फूट वर. टेम्पोचा तळ तीन फुटांवर, वर अर्धा फूट मोकळीक धरून साडेतीन फूट उचलायचं होतं, म्हणजे 280 फूट साखळी. जोर लागतो साधारण 25 किलोचा. हिशेब जुळवून बघा: दीड टन गुणिले साडेतीन फूट होतात 5,250, 25 किलो गुणिले 280 फूट होतात 7,000. मधला चौथा हिस्सा गिअर आणि साखळीच्या घर्षणात जातो. या घर्षणावर चिडायचं कारण नाही, कारण हात सोडला तरी लेथ हवेत राहतो तो ब्लॉकमधल्या घर्षणाच्या चकत्या आणि खटक्यामुळेच. उचलताना खट-खट आवाज येत राहतो. मामा वर बघत नव्हते, आवाज ऐकत होते. "दमानं घ्या, साखळी वाजू दे." आवाज बंद झाला आणि साखळी हलकी लागली तर थांबायचं.

चकत्यांवर तेल-ग्रीस पडलेला ब्लॉक भाड्याने घेऊ नका. भार साखळीला थोडं तेल ठीक, ब्रेकला अजिबात नाही. घेण्याआधी हूक बघा: तोंड उघडलेलं असेल, कुलूपपट्टी नसेल किंवा हूक पिळलेला असेल तर परत द्या.

लेथ उचलायला कापडी पट्टे वापरले. त्यांच्या रंगावरून क्षमता कळते: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. हिरवे दोन घेतले. पट्टा बेडखालून जातो तेव्हा लीड स्क्रू आणि फीड रॉड (बेडच्या पुढून जाणारे, कॅरेज सरकवणारे लांब दांडे) त्याच्या आत सापडता कामा नयेत. पट्टा आवळला की स्क्रू वाकतो, आणि वाकलेल्या लीड स्क्रूवर आटे कधीच नीट निघत नाहीत. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे घालून पट्टा बाहेर ठेवला, बेडच्या धारदार कडेवर पोत्याची घडी.

पट्ट्यांमधला कोन हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. दोन पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर निम्मा भार. मधला कोन 60 अंश झाला की प्रत्येकावर 58 टक्के. 120 अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण भार, म्हणजे दोन पट्टे असूनही उपयोग एकाचाच. उंची कमी पडते म्हणून हूक खाली आणून पट्टे पसरवले जातात आणि तिथेच ते तुटतात. आमचा कोन 75 अंशांच्या आसपास होता, प्रत्येक पट्ट्यावर साडेनऊशे किलो.

आधी दोन इंच उचलून थांबलो. हेडस्टॉकची बाजू खाली राहिली होती. खाली ठेवून पट्टे त्या बाजूला चार बोटं सरकवले, पुन्हा उचललं. लेथ सपाट आला तेव्हाच पुढे गेलो. हवेत असलेल्या मशीनला हाताने दाबून सपाट करायचं नसतं. टेम्पो मागे घेतला, पाट त्यात टेकवला.

वाट

कावळा नाक्यावरून तावडे हॉटेल, हायवे, पंचगंगेचा पूल, शिरोली. अंतर थोडं, तरी बांधणी पूर्ण. पाटाच्या चारही बाजूंना पाचरी टेम्पोच्या लाकडी तळाला खिळ्यांनी ठोकल्या, वर रॅचेट पट्टे फुलीसारखे. पट्टे बेडवरून घेतले, हँडलवरून किंवा कॅरेजवरून नाही. सगळे रूळ काढून वेगळे बांधले. लेथखाली एखादा रूळ राहिला आणि ब्रेक लागला, तर पट्टे कितीही आवळलेले असोत, उपयोग नाही.

उतरवणं

गाळ्याचं शटर नऊ फुटी, घोडा आत मावत नव्हता. म्हणून उतरण. 12 फुटी दोन जाड चॅनेल, टेम्पोच्या तळापासून जमिनीपर्यंत, 3 फूट उंचीला 12 फूट लांबी. चारास एक. या उतरणीवर दीड टन खाली खेचणारा जोर 375 किलोचा होतो.

इथे रूळ वापरावेत असं कुणालाही वाटतं, कारण सोपं जातं. उतरणीवर तेच नको असतं. रुळावर 375 किलो सुटले तर धरायला काही उरत नाही. लाकडी पाट कोरड्या लोखंडी चॅनेलवर स्वतःहून घसरत नाही, कारण त्या जोडीचं घर्षण एवढ्या उताराला पुरून उरतं. पहारीने ढोसलं तरच इंचभर सरकतो आणि पुन्हा थांबतो. म्हणून चॅनेलवरचं तेल आणि ग्रीस चिंधीने पुसून, वर चिमूटभर बारीक वाळू. शिवाय वरच्या बाजूने, टेम्पोच्या चासीला अडकवलेला रॅचेट पुलर (दात्यांवर ओढणारं हाताचं यंत्र) कायम ताणात. खाली सोडताना एक दात, एक दात. उतरणीच्या खालच्या तोंडाशी कोणीही उभं नाही, ढोसणारे दोघे बाजूला.

चॅनेलच्या वरच्या टोकाला हूक वेल्ड केलेले असावेत, टेम्पोच्या तळाच्या कडेत अडकतील असे. मशीन खाली येतं तसा टेम्पो हलका होऊन स्प्रिंगवर वर येतो आणि नुसती टेकवलेली चॅनेल निसटते. टेम्पोच्या मागच्या चाकांपुढे-मागे दगड आणि मागच्या तळाखाली लाकडी टेका. दुपारच्या चहापर्यंत लेथ काँक्रीटवर होता.

लेव्हल

सोमवारपासूनचं काम सगळ्यात कमी ताकदीचं आणि सगळ्यात जास्त वेळखाऊ. पाट काढून लेथच्या चारही पायांखाली लेव्हलिंग बोल्ट, एम-16, त्यांच्याखाली 12 मिलिमीटरच्या लोखंडी चकत्या. एम-16 चा पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 2 मिलिमीटर. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरणच, गगनबावड्याचा घाट जसा डोंगराला वळसे घेत चढतो तशी. फूटभर पान्याचं टोक एका फेऱ्यात 188 सेंटिमीटर फिरतं तेव्हा बोल्ट 2 मिलिमीटर उठतो. कागदावर प्रमाण साडेनऊशेच्या जवळ. आट्यांचं घर्षण त्यातला बहुतेक भाग खातं, तरी एका हाताने लेथचा कोपरा उचलला जातो. आणि तेच घर्षण बोल्टला आपोआप उलटा फिरू देत नाही. षट्कोनी डोक्याची एक बाजू फिरवली म्हणजे 0.33 मिलिमीटर.

जास्त अंतर भरायचं होतं तिथे बोल्टआधी पाचर. एकास दहा उताराची पाचर 10 मिलिमीटर आत ठोकली की 1 मिलिमीटर उचल. एवढी निमुळती पाचर घर्षणाने अडकून राहते, पण दोन्ही तोंडं पुसून कोरडी असली तर. तेलकट पाचर मशीनच्या हादऱ्याने हळूहळू बाहेर येते.

लेव्हल बघायला 0.02 मिलिमीटर प्रतिमीटरची मशीन लेव्हल हवी, गवंड्याची चालत नाही. ती विकत घ्यायची गरज नसते. उद्यमनगरात ओळखीच्या फिटरकडे असते, अर्ध्या दिवसाला मागून घ्या. आधी हेडस्टॉकजवळ बेडवर आडवी, मग टेलस्टॉकच्या टोकाला आडवी. दोन्हीकडे बुडबुडा एकाच रेघेवर आला पाहिजे. लेथ थोडा कललेला चालतो, पिळलेला चालत नाही. लेव्हल उलटी फिरवूनही वाचायची. दोन वाचनं वेगळी आली तर दोष लेव्हलचा.

मोटर आणि पहिला कट

मोटर 2 एचपी, 1440 फेऱ्यांची. मोटरवर 3 इंची पुली, वर 12 इंची, म्हणजे 360 फेरे आणि पीळ चौपट. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरा ताणून बघितलं; दोरा दोन्ही पुल्यांच्या कडांना चारही ठिकाणी टेकायला हवा. बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून: दोन पुल्यांमधल्या दर मीटरला 15-16 मिलिमीटर दबला की ठीक. जास्त ताणला तर बेअरिंग तापतात.

वीज पहिल्यांदा देताना बेल्ट काढून ठेवा. नवीन जोडणीत फेज कसे आले असतील सांगता येत नाही, मोटर उलटी फिरू शकते. चक आट्यांवर बसणारा असेल तर उलट्या फिरण्यात तो सुटून अंगावर येतो. मोटर उलटी असेल तर कोणत्याही दोन फेजच्या तारा आलटून पालटून जोडायच्या, परवानाधारक वायरमनकडूनच.

मग दोन कॉलरची परीक्षा. 40 मिलिमीटरचा दांडा चकात धरायचा, टेलस्टॉकचा आधार न देता. 200 मिलिमीटर अंतरावर दोन कॉलर, म्हणजे जाड कडी, ठेवून मधला भाग बारीक करायचा, मग दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगने 0.1 मिलिमीटरचा कट. मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. बाहेरची कॉलर जाड आली तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे आपल्या बाजूचा पाय थोडा उचलायचा. टूल कामाकडे झुकतं आणि व्यास कमी होतो. बारीक आली तर मागचा पाय. बोल्टची एक बाजू म्हणजे खूप झालं, निम्म्या बाजूने सुरुवात करा आणि दर वेळी नवा कट घेऊन मोजा. हे सगळं 13 तारखेला संध्याकाळी उरकलं.

खर्च असा आला: खलाशी टोळी, घोडा, ब्लॉक आणि रूळ धरून 7,000, टेम्पो 2,800, काँक्रीट 6,500, लाकूड 1,800, वायरिंग आणि टेस्ट रिपोर्ट 9,500. एकूण 27,600. जोडणीचं शुल्क आणि अनामत वेगळी, ती मंजूर भारावर ठरते. टोळीशी बोलताना घोडा-ब्लॉक त्यांचा की आपला, चहा-जेवण कुणाकडे आणि दिवस लांबला तर काय, हे आधीच बोलून घ्या. आणि टेम्पोवाल्याला भरण्याचा वेळही भाड्यात धरायला सांगा, कारण चेन ब्लॉकवर भरायला वेळ लागतो.

डिसेंबरात लेव्हल पुन्हा लावली तर टेलस्टॉककडचा मागचा कोपरा किंचित बसलेला निघाला. पाव फेऱ्याहून कमीत जागेवर आला. पहिले दोन-तीन महिने दर पंधरवड्याला लेव्हल बघायची, लॉकनट आवळायचे, आणि तोवर पायांभोवती ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गिलावा, भरायचं नाही.